साध्या प्रॉपर्टीवर नजर कशी ठेवायची: ऑब्जेक्टिव्ह-सी, केव्हीओ आणि गच्चीवरची टाकी

एका ऑब्जेक्टमधला आकडा, म्हणजे त्याची एखादी प्रॉपर्टी, बदलला की दुसऱ्याला लगेच कळायला हवं, पण पहिल्याला दुसऱ्याची काही खबर असायला नको. एवढ्या गरजेसाठी ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये, म्हणजे ॲपलच्या उपकरणांसाठीच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत, की-व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंग आहे. आम्ही सगळे त्याला केव्हीओ म्हणतो. २००३ साली मॅक ओएस टेनच्या १०.३, म्हणजे पँथर आवृत्तीत ते आलं. ॲपलची नवी भाषा स्विफ्ट २०१४ मध्ये आली, तरी वागळे इस्टेटमध्ये मी जिथे काम करते तिथे ऑब्जेक्टिव्ह-सीचा बराच कोड आजही चालतो, दुरुस्त होतो आणि वाढतोही. नव्याने येणारी मुलं स्विफ्ट शिकून आलेली असतात. केव्हीओची ओळ दिसली की हात आखडता घेतात, किंवा दुसरीकडून उचलून चिकटवतात आणि पुढे जातात. दोन्ही गोष्टींचं मला वाईट वाटतं, कारण साध्या किमतींसाठी, म्हणजे आकडे, हो-नाही आणि स्ट्रिंग यांच्यासाठी, हे साधन खरंच चांगलं आहे. त्याचा स्वभाव मात्र आधी कळायला हवा.

उदाहरण घरचंच घेते. मी ऐरोलीला राहते. आमच्या सोसायटीत तळटाकीतून पंपाने पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं. सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर आयपॅड आहे, त्यावर गच्चीवरची टाकी किती भरली आहे ते टक्क्यांत दिसतं आणि पंप चालू की बंद तेही दिसतं. टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासोनिक सेन्सर आहे, त्याचं रीडिंग ब्लूटूथवरून येतं. सेक्रेटरी काकांना एवढंच हवं होतं की पाणी वीस टक्क्यांच्या खाली गेलं की आकडा लाल व्हावा. तेवढं ॲप मी ऑब्जेक्टिव्ह-सीत लिहिलं. त्यातलाच कोड इथे सांगते.

लिहिताना मेथडची नावं आपण ऑफिसात बोलतो तशीच लिहिली आहेत. एक्सकोड, म्हणजे ॲपलचं कोड लिहायचं साधन, समोर उघडा, पहिले दोन शब्द रोमन अक्षरांत टाइप करा, पुढचं ऑटोकम्प्लीट भरून देईल.

आता मुख्य गोष्ट, जी कळली की बाकीचं सगळं तिच्यातून निघतं. केव्हीओची नजर सेटरवर, म्हणजे प्रॉपर्टीची किंमत बदलणाऱ्या मेथडवर असते. मेमरीतल्या किमतीकडे ते बघत नाही. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर आठवा: गेटमधून जो आला त्याची नोंद होते, मग तो सकाळीच एकदा येऊन गेलेला असला तरी पुन्हा होते, आणि मागच्या भिंतीवरून कोणी उडी मारून आला तर रजिस्टरला त्याचा पत्ता नसतो. सेटर म्हणजे ते गेट. पुढे वाचताना दर वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा बदल गेटमधून झाला का?

टँक नावाचा क्लास करा. एनएसऑब्जेक्टचा सबक्लास. त्यात तीन प्रॉपर्टी ठेवा. लेव्हल ही डबल प्रकारची, शून्य ते शंभर टक्के. कपॅसिटी, तीही डबल, लिटरमध्ये. आणि पंपऑन ही बूल, जिच्या गेटरला, म्हणजे किंमत वाचून देणाऱ्या मेथडला, इजपंपऑन असं नाव द्या. लक्षात ठेवा, गेटरचं नाव बदललं तरी केव्हीओसाठी की पंपऑन हीच राहते. इजपंपऑन लिहू नका. लेव्हल बाहेरच्यांसाठी रीडओन्ली ठेवून क्लासच्या आतल्या एक्स्टेन्शनमध्ये रीडराइट केली तरी चालतं, किंबहुना तसंच करावं. सेटर आत असला तरी तो आहे, आणि केव्हीओला तेवढं पुरतं.

सिंथेसाइझ झालेला, म्हणजे कंपायलरने आपोआप लिहिलेला, सेटर आहे तसा ठेवा. सूचना पाठवण्यासाठी टँकमध्ये एकही ओळ लिहावी लागत नाही. हे होतं कसं? एखाद्या टँकवर पहिला ऑब्झर्व्हर लागला की रनटाइम त्या क्लासचा एक सबक्लास चालत्या प्रोग्रॅममध्ये तयार करतो. त्याचं नाव एनएसकेव्हीओनोटिफाइंग, मग अंडरस्कोर, मग टँक. आपल्या ऑब्जेक्टचा आयएसए पॉइंटर, म्हणजे त्याचा क्लास कुठला ते सांगणारा पॉइंटर, त्या नव्या क्लासकडे वळवला जातो आणि नव्या क्लासमधला सेटर आधी ‘बदलणार आहे’, मग मूळ सेटर, मग ‘बदललं’ असं करतो. ऑब्जेक्टला क्लास विचारलात तर तो टँक असंच सांगेल, कारण ती मेथडही ओव्हरराइड केलेली असते. खरं उत्तर हवं असेल तर रनटाइमचं ऑब्जेक्टगेटक्लास हे फंक्शन वापरा. एकदा दोन्ही छापून बघाच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की केव्हीओ ही जादू वाटत नाही.

आता ऑब्झर्व्हर लावायचा. टँकला ‘ॲड ऑब्झर्व्हर, फॉर की पाथ, ऑप्शन्स, कॉन्टेक्स्ट’ हा चार भागांचा मेसेज पाठवायचा.

पहिल्या भागात सेल्फ, म्हणजे आपला व्ह्यू कंट्रोलर.

दुसऱ्या भागात की पाथ, आणि तो स्ट्रिंग असतो. इथे टायपिंगची चूक झाली तर कंपायलर काही बोलत नाही. लेव्हलच्या जागी एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर ॲप बिनतक्रार चालू शकतं, फक्त आकडा हलत नाही. म्हणून स्ट्रिंग हाताने लिहू नका. ॲट-सिलेक्टरमध्ये लेव्हल घालून त्यावर एनएसस्ट्रिंगफ्रॉमसिलेक्टर लावा आणि एक्सकोडच्या बिल्ड सेटिंगमध्ये अनडिक्लेअर्ड सिलेक्टरची वॉर्निंग चालू करा. त्या नावाचा सिलेक्टर कुठेच जाहीर केलेला नसेल तर वॉर्निंग येते. तो नेमका टँकचाच आहे का हे मात्र ती तपासत नाही. पंपऑनसारख्या, गेटरचं नाव बदललेल्या प्रॉपर्टीसाठी हा उपाय तसाच्या तसा लागू पडत नाही, तिथे एक कॉन्स्टंट करून ठेवा आणि सगळीकडे तोच वापरा.

तिसरा भाग ऑप्शन्सचा. न्यू दिलात तर सूचनेबरोबर नवी किंमत येते, ओल्ड दिलात तर जुनी. दोन्ही हवे असतील तर मधे उभी रेघ. इनिशियल दिलात तर बदलाची वाट न बघता लावल्या क्षणीच एक सूचना येते. हा तिसरा ऑप्शन फार उपयोगाचा आहे आणि फार कमी जण वापरतात. आमच्या आयपॅडवर ॲप उघडल्यावर पहिला आकडा दाखवायचा कोड आणि बदललेला आकडा दाखवायचा कोड वेगवेगळा ठेवला असता तर एके दिवशी एक दुरुस्त होऊन दुसरा राहून गेला असता. इनिशियल दिलं की एकच वाट उरते. चौथा ऑप्शन प्रायर, तो बदलाच्या आधी वेगळी सूचना देतो. साध्या किमतींना सहसा लागत नाही.

चौथा भाग कॉन्टेक्स्ट. पुष्कळ ठिकाणी इथे नल दिलेलं सापडतं. तसं करू नका. फाइलच्या वरच्या भागात एक स्टॅटिक व्हॉइड पॉइंटर जाहीर करा आणि त्याला त्याचा स्वतःचाच पत्ता द्या. असा पत्ता अख्ख्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही. उद्या तुमच्या व्ह्यू कंट्रोलरच्या सुपरक्लासनेही त्याच टँकच्या लेव्हलवर ऑब्झर्व्हर लावलेला असला तर आलेली सूचना आपली की त्याची, हे की पाथवरून कळत नाही, कॉन्टेक्स्टवरूनच कळतं. एका प्रॉपर्टीला एक कॉन्टेक्स्ट ठेवलात तर पुढे स्ट्रिंगची तुलना करायची गरजही राहत नाही.

सूचना येते ती ‘ऑब्झर्व्ह व्हॅल्यू फॉर की पाथ, ऑफ ऑब्जेक्ट, चेंज, कॉन्टेक्स्ट’ या मेथडमध्ये. सगळ्या प्रॉपर्टींच्या सूचना याच एका दारी येतात. पहिली ओळ कॉन्टेक्स्ट तपासण्याची. आपला असेल तर काम करा. आपला नसेल तर सुपरला पाठवा. फक्त आपला असताना सुपरला पाठवू नका, कारण वर कोणी हाताळणारं नसेल तर शेवटी एनएसऑब्जेक्टपर्यंत पोचून तिथे एक्सेप्शन येतं, ‘मेसेज मिळाला पण हाताळला गेला नाही’ अशा अर्थाचं.

चेंज ही डिक्शनरी आहे. त्यात नव्या किमतीची की एनएसकीव्हॅल्यूचेंजन्यूकी, जुन्यासाठी त्याच पद्धतीने ओल्डकी. डिक्शनरीत साधा डबल मावत नाही, म्हणून आकडे आणि बूल एनएसनंबरमध्ये गुंडाळून येतात आणि सीजीरेक्टसारखी स्ट्रक्चर एनएसव्हॅल्यूमध्ये. त्यामुळे डबलव्हॅल्यू किंवा बूलव्हॅल्यू म्हणून आतली किंमत काढायची. बूलसाठी एनएसनंबरलाच इफमध्ये टाकलंत तर ते कायम खरं येईल, कारण ‘नाही’ गुंडाळलेला एनएसनंबरही एक ऑब्जेक्टच असतो. पंप बंद असूनही स्क्रीनवर हिरवा दिवा दिसत असेल तर आधी ही ओळ बघा.

स्ट्रिंगसारखी ऑब्जेक्ट प्रॉपर्टी असेल आणि तिची किंमत निल झाली, तर डिक्शनरीत निलच्या जागी एनएसनल येतं. त्यावर लेंग्थ विचारलंत की क्रॅश. तपासून घ्या.

आता प्रयोग करा. वाचून पुढे जाऊ नका, खरंच करा. ऑब्झर्व्हरच्या मेथडमध्ये जुनी आणि नवी किंमत एनएसलॉगने छापा. मग एकामागून एक: डॉट लावून लेव्हल ४० करा. पुन्हा ४० करा. ‘सेट व्हॅल्यू फॉर की’ वापरून ३५ करा. टँकच्या आत एक मेथड लिहून तिथून थेट अंडरस्कोर-लेव्हल हे इन्स्टन्स व्हेरिएबल ३० करा.

इनिशियलची सोडून लॉगमध्ये तीन सूचना दिसतील. पहिली ४० ची. दुसरीही ४० चीच, कारण सेटर बोलावला गेला, किंमत तीच आहे का हे कोणी बघितलंच नाही. तिसरी ३५ ची, कारण केव्हीसीची, म्हणजे की-व्हॅल्यू कोडिंगने नाव सांगून किंमत बदलण्याची, वाटही नोंद करते. चौथ्या वेळी काहीच नाही. लेव्हल खरोखर ३० झाली, स्क्रीनवर ३५ राहिले. जुन्या कोडमध्ये ‘कधीकधी आकडा अपडेट होत नाही’ अशी तक्रार असते तिथे शोध घेतला की बहुतेक वेळा अशीच एखादी अंडरस्कोरची ओळ सापडते. क्लासच्या आतही, ऑब्जेक्ट घडवणारं इनिट आणि तो मोडताना चालणारं डीअ‍ॅलॉक सोडून, सेल्फ-डॉट-लेव्हल असंच लिहायची सवय लावा.

आणखी एक बघा. ऑब्झर्व्हरच्या मेथडमध्ये ब्रेकपॉइंट लावून डावीकडचा स्टॅक वाचा. तुमची मेथड, तिच्याखाली फाउंडेशनच्या काही फ्रेम, त्यात एनएससेटडबलव्हॅल्यूअँडनोटिफाय, आणि त्याखाली लेव्हल बदलणारी तुमचीच ओळ. म्हणजे सूचना रांगेत उभी राहून नंतर येत नाही. सेटर परत येण्याआधीच, त्याच थ्रेडवर, ऑब्झर्व्हरचं काम पूर्ण होतं. याचे तीन परिणाम आहेत.

एक, ऑब्झर्व्हरमध्ये जड काम करू नका. फाइल लिहायला बसलात तर सेटर बोलावणारा तेवढा वेळ खोळंबतो.

दोन, ऑब्झर्व्हरच्या आत तीच प्रॉपर्टी पुन्हा सेट करू नका. सेन्सरने १०३ टक्के असं वेडंवाकडं रीडिंग दिलं तर ते १०० वर आणायचं काम टँकच्या सेटरचं. ऑब्झर्व्हरने ते केलं तर नवी सूचना, तिच्यात पुन्हा सेट, आणि अट नीट नसेल तर स्टॅक भरेपर्यंत हेच.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, थ्रेड. कोअर ब्लूटूथच्या सेंट्रल मॅनेजरला तुम्ही जी क्यू देता तिच्यावर त्याचे कॉलबॅक येतात. निल दिलीत तर मेन क्यूवर. आमच्या ॲपमध्ये वेगळी क्यू आहे, म्हणजे रीडिंग बॅकग्राउंडला येतं. तिथेच लेव्हल सेट केली असती तर ऑब्झर्व्हरही बॅकग्राउंडला चालला असता आणि त्याने लेबलला हात लावला असता. यूआयकिटला, म्हणजे पडद्यावरचं सगळं दाखवणाऱ्या ॲपलच्या फ्रेमवर्कला, मेन थ्रेडशिवाय हात लावायचा नाही. २०१७ पासून एक्सकोडमध्ये मेन थ्रेड चेकर आहे, तो जांभळी वॉर्निंग देऊन सांगतो. तो बंद करू नका.

यावर दोन उपाय आहेत आणि त्यातला एकच मला पटतो. ऑब्झर्व्हरमध्ये डिस्पॅच-असिंक करून मेन क्यूवर जाणं हा पहिला. तो चालतो, पण प्रत्येक ऑब्झर्व्हरला आठवणीने करावा लागतो, आणि एक थ्रेड सूचना देत असताना दुसरा थ्रेड ऑब्झर्व्हर काढत असेल तर होणाऱ्या क्रॅशपासून तो वाचवत नाही. दुसरा उपाय म्हणजे टँकचाच नियम करणं: लेव्हल फक्त मेन थ्रेडवरून सेट होईल. रीडिंग आल्यावर, सेट करण्याच्या आधी, एकाच ठिकाणी मेन क्यूवर उडी मारायची. सेटरच्या सुरुवातीला एनएसथ्रेड मेन आहे का याचं एनएसअसर्ट लावायचं. मग पुढे दहा ऑब्झर्व्हर लागले तरी कोणाला थ्रेडची काळजी नाही. मी दुसराच निवडते आणि तुम्हीही तोच निवडा.

आता काढणं. केव्हीओबद्दल जी भीती आहे ती जवळजवळ सगळी या भागाची आहे, म्हणून इथे थांबून वाचा.

नियम साधे आहेत. केव्हीओ ऑब्झर्व्हरला धरून ठेवत नाही, स्ट्राँग नाही आणि आपोआप निल होणारं वीकही नाही. ऑब्झर्व्हर मेला आणि नोंद राहिली, तर पुढची सूचना मेलेल्या पत्त्यावर जाते. जितक्या वेळा लावलात तितक्या वेळा काढावं लागतं, कारण दोनदा लावला तर सूचनाही दोनदा येते. लावलेलाच नाही तो काढायला गेलात तर एक्सेप्शन येतं. आणि जुन्या आवृत्त्यांत, ज्याच्यावर नजर आहे तो टँकच ऑब्झर्व्हर लागलेले असताना डीअ‍ॅलॉक झाला तरी एक्सेप्शन यायचं. आयओएस ११ आणि मॅकओएस १०.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून, आपोआप सूचना देणाऱ्या साध्या प्रॉपर्टींसाठी हा शेवटचा नियम सैल झाला. बाकीचे तसेच आहेत. मॅन्युअल सूचना देणाऱ्या प्रॉपर्टींना ही सूट नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

लावायचं आणि काढायचं कुठे? बहुतेक जण व्ह्यूविलअ‍ॅपिअरमध्ये लावतात आणि व्ह्यूडिडडिसअ‍ॅपिअरमध्ये काढतात. ही जोडी जुळत नाही. वापरणाऱ्याने डाव्या कडेवरून बोट ओढून मागे जायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिलं, तर व्ह्यूविलडिसअ‍ॅपिअर येतं, मग पुन्हा व्ह्यूविलअ‍ॅपिअर येतं, पण डिडडिसअ‍ॅपिअर येतच नाही. ऑब्झर्व्हर दोनदा लागला. एकदाच निघेल. हा क्रॅश टेस्टिंगमध्ये सहजी सापडत नाही, कारण टेस्ट करणारा माणूस बोट मधेच सोडत नाही. पडद्याशीच बांधायचं असेल तर विलअ‍ॅपिअर आणि विलडिसअ‍ॅपिअर अशी जोडी ठेवा.

मी मात्र पडद्याशी बांधतच नाही, टँकशी बांधते. व्ह्यू कंट्रोलरमध्ये टँक ही स्ट्राँग प्रॉपर्टी असते, तिचा सेटर स्वतः लिहा. आत आलेला टँक तोच असेल तर परत फिरा. नसेल तर आधी जुन्या टँकवरून कॉन्टेक्स्ट देऊन ऑब्झर्व्हर काढा, मग अंडरस्कोर-टँकमध्ये नवा ठेवा, मग नव्यावर लावा. पहिल्या वेळी जुना निल असतो आणि निलला पाठवलेला मेसेज निमूट विरतो, त्यामुळे वेगळी अट लागत नाही. डीअ‍ॅलॉकमध्ये एकदा अंडरस्कोर-टँकवरून काढा. प्रॉपर्टी स्ट्राँग असल्यामुळे त्या क्षणी टँक जिवंत असतोच. वीक ठेवलीत तर ही खात्री जाते. एवढ्या दोन मेथडमध्ये लावणं-काढणं कायमचं जोडीने राहतं. टेबलव्ह्यूच्या सेलमध्येही हीच पद्धत, कारण सेल पुन्हा वापरला जातो तेव्हा त्याला नवा टँक मिळतो आणि जुना आपोआप सुटतो.

काढण्याची मेथड दोन प्रकारची आहे, कॉन्टेक्स्ट घेणारी आणि न घेणारी. आयओएस ५ पासून कॉन्टेक्स्टवाली आहे. तीच वापरा, नाहीतर सुपरक्लासने लावलेला ऑब्झर्व्हर आपल्या हातून निघू शकतो.

आता थोडी पुढची पायरी. सेक्रेटरी काकांना टक्के नको होते, त्यांना लिटर हवे होते. टँकर मागवायचा झाला तर टक्क्यांवरून अंदाज येत नाही. लिटर्स ही प्रॉपर्टी लेव्हल गुणिले कपॅसिटी भागिले शंभर अशी गेटरमध्येच काढली जाते. तिला सेटर नाही. मग तिच्यावर नजर कशी ठेवायची? टँकमध्ये एक क्लास मेथड लिहा, तिचं नाव ‘की पाथ्स फॉर व्हॅल्यूज अफेक्टिंग’ आणि पुढे लागूनच लिटर्स, पहिलं अक्षर मोठं. ती एक एनएससेट परत देते, त्यात लेव्हल आणि कपॅसिटी ही दोन नावं. झालं. यापुढे लेव्हल किंवा कपॅसिटी गेटमधून बदलली की लिटर्सवर नजर ठेवणाऱ्यालाही सूचना जाते. मला केव्हीओचा हा भाग सर्वांत जास्त आवडतो. हिशेब जिथे लिहिला तिथेच तो कशावर अवलंबून आहे तेही लिहिलं जातं, आणि व्ह्यू कंट्रोलरला त्यातलं काही माहीत असावं लागत नाही.

नळाचं पाणी टाकीत पडत असतं तेव्हा पृष्ठभाग हलतो आणि सेन्सरचं रीडिंग थरथरतं: ६२.१, ६१.९, ६२.२. स्क्रीनवरचा आकडा नाचतो. शिवाय वर पाहिलंच, तीच किंमत पुन्हा आली तरी सूचना जाते. हे आवरायचं असेल तर त्या एका प्रॉपर्टीचा कारभार आपल्या हातात घ्यायचा. ‘ऑटोमॅटिकली नोटिफाइज ऑब्झर्व्हर्स फॉर की’ ही क्लास मेथड ओव्हरराइड करा, की लेव्हल असेल तर नो, बाकी सगळ्यांसाठी सुपरचं उत्तर. मग लेव्हलचा सेटर स्वतः लिहा: नव्या आणि जुन्या किमतीतला फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर परत फिरा. नाहीतर ‘विल चेंज व्हॅल्यू फॉर की’, मग इन्स्टन्स व्हेरिएबलमध्ये किंमत, मग ‘डिड चेंज व्हॅल्यू फॉर की’. हे दोन मेसेज नेहमी जोडीने, आणि मधे कुठेही रिटर्न नको. अर्धा टक्का हा आमच्या टाकीचा आकडा आहे. तुमच्याकडे काय मोजता त्यावर तो ठरवा. पण शून्य आणि शंभर या टोकांना फरक कितीही लहान असला तरी सूचना जाऊ द्या, नाहीतर टाकी पूर्ण भरूनही स्क्रीनवर ९९.७ राहील आणि पंप कोणी बंद करणार नाही.

ॲरेबद्दल थोडक्यात. म्युटेबल ॲरेत ॲडऑब्जेक्ट केलं तर सूचना येत नाही, कारण ॲरे तोच राहिला, सेटर बोलावला गेला नाही. त्यासाठी ‘म्युटेबल ॲरे व्हॅल्यू फॉर की’ने मिळणारा प्रॉक्सी वापरावा लागतो. तो वेगळा विषय आहे.

कुठे केव्हीओ वापरायचं नाही? यूआयकिटच्या क्लासवर, जोपर्यंत दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं नाही तोपर्यंत. लेबलचा टेक्स्ट किंवा व्ह्यूची फ्रेम यांवर ऑब्झर्व्हर लावून आज चाललं तरी उद्याची खात्री नाही. उलट ॲपलने स्वतः हमी दिलेल्या जागा आहेत तिथे बिनधास्त लावा: एव्हीप्लेअरआयटमचा स्टेटस, डब्ल्यूकेवेबव्ह्यूचं एस्टिमेटेडप्रोग्रेस, एनएसप्रोग्रेसचं फ्रॅक्शनकम्प्लीटेड. दोन ऑब्जेक्ट एकमेकांना आधीच ओळखत असतील तर डेलिगेट जास्त वाचनीय. एकाच घटनेची खबर ॲपभर पसरवायची असेल तर एनएसनोटिफिकेशनसेंटर. आणि स्वतःच्या क्लासला स्वतःच्याच प्रॉपर्टीचा बदल कळायला हवा असेल तर सरळ सेटर ओव्हरराइड करा, तिथे केव्हीओ नको.

अडकलात तर डीबगरमध्ये थांबून टँकवर पीओ लावून ऑब्झर्वेशनइन्फो मागा. त्या ऑब्जेक्टवर त्या घडीला कोणकोण, कुठल्या की पाथवर आणि कुठल्या कॉन्टेक्स्टने लागलंय त्याची यादी छापून येते. ‘सूचना दोनदा येते’ या तक्रारीचं उत्तर तिथे एका नजरेत मिळतं.

टेस्टही लिहा. एक्ससीटेस्टमध्ये ‘की व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंग एक्स्पेक्टेशन फॉर ऑब्जेक्ट, की पाथ, एक्स्पेक्टेड व्हॅल्यू’ ही तयार मेथड आहे. टँकची कपॅसिटी १०००० लिटर ठेवा, लिटर्सवर ४००० ची अपेक्षा लावा, लेव्हल ४० करा आणि एक सेकंदाची वाट बघा. मग कोणीतरी उद्या अवलंबित किमतींच्या सेटमधून लेव्हल चुकून काढली, तर टेस्ट लाल होईल.